कामावरचे छोटे घोळ आणि बागेत येणारे कोल्हे: खायला काय घालावं, कसं घालावं?

उलटी_घडी
मंडळी, आजवर इथे वाचनमात्रच होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नाईट शिफ्ट करते. कालची रात्र म्हणजे नुसता गोंधळ. आधी लेबलचा प्रिंटर अडकला, तो सुटतोय तोवर शेजारच्या टेबलावर अख्खा कप चहा कीबोर्डवर सांडला, आणि मध्यरात्रीनंतर सिक्युरिटीवाले टॉर्च घेऊन पार्किंगकडे धावत सुटले कारण वरच्या वॉर्डातून फोन आला होता की बाहेर कुणीतरी बाई जिवाच्या आकांताने किंचाळतेय. आम्ही सगळे खिडकीशी. बाई कसली, कचऱ्याच्या डब्यांमागे कोल्हीण होती आणि जानेवारी म्हणजे त्यांचा मीलनाचा काळ. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं रक्त गोठतं हे मात्र खरं, फोन करणाऱ्या नर्सची काही चूक नाही.

तर सांगायचा मुद्दा असा की सकाळी घरी आले तर आमच्या मागच्या बागेत पण एक जण हजर. कुंपणाच्या फळीखालून येतो, शेडच्या बाजूला थांबतो, कान एकदा इकडे एकदा तिकडे फिरवतो आणि मगच पुढचा पाय टाकतो. नर आहे की मादी ते कळत नाही मला. थंडीने काकडलेला दिसला की पोटात तुटतं हो. शेजारच्या इंग्लिश आजी त्याला बिस्किटं घालतात, समोरचे म्हणतात अजिबात काही घालू नका. मला त्याला खायला घालायचंय पण त्याचं नुकसान होईल असं काही करायचं नाहीये. जाणकारांनी सांगा. आणि कामावरचे घोळ पण लिहा सोबत, कोल्ह्यांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही.

वाफाळता_चहा
वा, विषय आवडला. मी घरून काम करतो, रेडिंगला. मागच्या महिन्यात क्लायंटला प्रेझेंटेशन चालू होतं, माझी स्क्रीन शेअर केलेली, कॅमेरा पण चालू, आणि पाठीमागे काचेचं दार. मध्येच सगळे बोलायचे थांबले. मला वाटलं माझं नेट गेलं म्हणून मी हॅलो हॅलो करतोय, तर पलीकडून एकजण हळूच म्हणाला, मागे बघ. शेडच्या छपरावर कोल्हा उन्हात अंगाचं वेटोळं करून झोपलेला आणि मध्येच मान वर करून आमच्याकडे बघत होता. पुढची दहा मिनिटं बजेटचा विषय कुणी काढलाच नाही, ज्याचं त्याचं घरचं कोल्हेपुराण सुरू झालं. शेवटी ती मीटिंग दुसऱ्या दिवशी परत ठेवावी लागली.

खायला घालायचं म्हणाल तर मला पण ऐकायचंय, रुमाल टाकून ठेवतो.

विटा_आणि_सिमेंट
मी साईटवर असतो, बांधकाम. आमच्याकडे कोल्हा म्हणजे रोजचा पाहुणा, कारण लोक सँडविचचे तुकडे इथे तिथे टाकतात. आमच्या स्कॅफोल्डिंगवाल्याची जेवणाची पिशवी फळ्यांवर ठेवलेली होती, ती पळवली कोल्ह्याने. पिशवीत व्हॅनच्या किल्ल्या. साईट बंद करायची वेळ झाली तरी आम्ही सगळे पालथे होऊन पाईपांखाली बघतोय. शेवटी पिशवी सापडली एका खड्ड्याच्या कडेला, किल्ल्या जागच्या जागी, सँडविच गायब, आणि त्याची चांदीची फॉईल नीट उलगडून ठेवल्यासारखी बाजूला. बिचाऱ्याला घरी जायला उशीर झाला पण राग कुणालाच आला नाही.

लंडनचा शार्ड बांधत होते तेव्हाची गोष्ट माहीत असेल बऱ्याच जणांना. २०११ सालच्या सुरुवातीला ७२व्या मजल्यावर कोल्हा सापडला होता. इमारत अर्धवट, तो जिन्याजिन्याने वर गेला असणार, आणि तिथे कामगारांच्या उरल्यासुरल्या डब्यांवर जगत होता. त्याला रोमिओ नाव पडलं, पकडून तपासला आणि परत सोडून दिला. तेव्हापासून आमच्या इंडस्ट्रीत उरलेलं खाणं उघडं टाकू नये हे निदान बोललं तरी जातं. पाळलं किती जातं ते वेगळं.

कुंपणापलीकडे
उलटी_घडी, धागा काढलात ते छान केलंत. मी गेली काही वर्षं एका वन्यप्राणी बचाव केंद्रात स्वयंसेवक आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी हे की खायला घालणं इथे बेकायदेशीर नाही. घालायचं तर घाला. पण त्याला आपली गरज नसते हे धरून घाला. इथला लाल कोल्हा, आपल्याकडच्या खोकडाचाच भाऊबंद, गांडुळं, उंदीर, घुशी, किडे, पडलेली फळं, पक्षी, जे मिळेल ते खातो. पावसाळी रात्री लॉनवर नाक जमिनीला लावून संथपणे फिरताना दिसला तर तो गांडुळं वेचतोय. आपण घालतो तो वरचा घास. तो इतका कमी असावा की त्यासाठी त्याने आपलं फिरणं सोडू नये.

काय घालावं? सगळ्यात बिनधोक म्हणजे कुत्र्याचं साधं डबाबंद किंवा कोरडं खाणं, "कंप्लीट" लिहिलेलं. त्यात कॅल्शियम वगैरे सगळं बेतलेलं असतं. हे मुद्दाम सांगतेय कारण माणसं मायेपोटी नुसते चिकनचे तुकडे घालतात, रोज, बिनहाडाचे. मोठ्या कोल्ह्याचं त्याने फार बिघडत नाही कारण तो बाहेर अख्खे उंदीर खातो, हाडांसकट. पण तोच तुकडा आई बिळात पिल्लांना नेते, आणि पिल्लं जर त्याच्यावरच वाढली तर हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. आमच्या केंद्रात असं पिल्लू आलं की ते उभं राहायला बघतं आणि पुढचे पाय बाहेरच्या बाजूला घसरतात. घालणाऱ्यांनी प्रेमानेच घातलेलं असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

घालू नये ते: चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा-लसूण असलेलं काहीही, झायलिटॉल हे गोडी आणणारं रसायन असलेले पदार्थ, बुरशी आलेलं अन्न, खारट मांस, शिजवलेली हाडं (कडक होऊन टोकदार तुकडे होतात, कच्च्या हाडासारखी नसतात). बिस्किटं म्हणजे साखर आणि दातांची वाट. आजींना दुखवू नका, पण त्यांच्या हातात कुत्र्याच्या खाण्याचा एक छोटा डबा देऊन बघा, त्यांना कौतुकच वाटेल.

कसं घालावं ते पुढच्या प्रतिसादात, केंद्रावरून बोलावणं आलंय.

डबेवाली
ताई, मनुकांचं बरं आठवण करून दिलंत. मी केअर होममध्ये स्वयंपाक करते. ख्रिसमसनंतर आमच्याकडे मिन्स पाय इतके उरतात की विचारू नका, आणि लाऊंजमधल्या आजी-आजोबांना ते खिडकीतून कोल्ह्याला टाकायची सवय. त्यांचा दिवसातला आनंदाचा भाग तोच असतो, सगळे खुर्च्या खिडकीकडे वळवून बसतात. एकदा पॅटिओचं दार कुणीतरी उघडं ठेवलं आणि कोल्हा सरळ आत, लाऊंजच्या मधोमध. कुणी ओरडलं नाही, मीच ट्रे हातात घेऊन दारात थिजले, ट्रेमधले चमचे खणखणायला लागले आणि त्या आवाजाने तो उलट्या पावली गेला. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी नोटीस लावली की खायला घालणं बंद. आजी-आजोबा इतके हिरमुसले.

मिन्स पाय म्हणजे मनुकाच मनुका की हो आतमध्ये. म्हणजे ते बंद झालं ते बरंच झालं. पण पूर्ण बंद न करता काही सुरक्षित करता येईल का? मॅनेजरशी बोलायची माझी तयारी आहे.

ब्रिस्टलकर
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मी कित्येक वर्षं ब्रिस्टलला राहतोय. हे शहर कोल्ह्यांच्या अभ्यासासाठी नावाजलेलं, ब्रिस्टल विद्यापीठाच्या प्रा. स्टीफन हॅरिस यांनी इथल्या कोल्ह्यांवर खूप काम केलंय. एके काळी इथे गल्लीगल्लीत कोल्हे होते. १९९४ मध्ये खरूज आली (कातडीत घुसणारा किडा, माणसाच्या खरजेच्या किड्याच्याच जातीचा) आणि दोनेक वर्षांत ९५ टक्क्यांच्या आसपास कोल्हे संपले. दाटी जितकी जास्त तितका असला रोग पटकन पसरतो. म्हणून मला वाटतं की खाणं घालून एका बागेत चारपाच कोल्हे रोज गोळा करणं हे त्यांच्या भल्याचं नाही. एकाच वाडग्यात सगळ्यांची तोंडं.

मी नुसतं पाणी ठेवतो. उन्हाळ्यात जमीन कडक झाली की गांडुळं खोल जातात आणि कोल्ह्यांची खरी उपासमार तेव्हा होते, थंडीत नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं.

कुंपणापलीकडे
काका, तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. आणि उन्हाळ्याचं तर शंभर टक्के. मी खाऊ घालायच्या विरोधात नाही पण गर्दी जमवायच्या विरोधात नक्की आहे. म्हणून आता "कसं" ते सांगते.

वाडगा नको. गवतावर, मोकळ्या जागी, पसरून टाका, म्हणजे एकेक दाणा हुंगून शोधायला त्याला वेळ लागतो, भांडणं कमी होतात आणि एका भांड्यातून रोग पसरायची भीती पण कमी. भांड्यात घालायचंच असेल तर रोज गरम पाण्याने घासा, आणि घरच्या भांड्यांबरोबर नको. किती? मूठभर, फार तर दीड मूठ. रोज नको, आणि रोज एकाच वेळेला तर नकोच. वेळ ठरली की तो त्या वेळेला येतो, तुम्ही उशीर केला की दारावर येतो, मग शेजाऱ्याच्या दारावर. अंधार पडायच्या सुमारास टाका, आत या, दार लावा, दिवा बंद करून खिडकीतून बघा. अर्ध्या तासाने राहिलेलं उचला, नाहीतर उंदरांची पंगत बसते.

हाताने भरवू नका. याबाबतीत मी कडक आहे. माणसाच्या हातातून खायला शिकलेला कोल्हा पुढच्या गल्लीतल्या लहान मुलाच्या हातातला सँडविच पण आपलाच समजतो, आणि तिथून तक्रार सुरू झाली की शेवट कोल्ह्याचा होतो, मुलाचा किंवा आपला नाही. दाराबाहेर बसून त्याला जवळ बोलावणं, हळूहळू घरात यायला लावणं, त्याचे व्हिडिओ करणं, हे सगळं त्याच्या जिवावर उठतं. त्याला आपली थोडी भीती वाटत राहू द्या.

अजून एक, जास्त झालेलं खाणं तो पुरून ठेवतो. अंडं दिलंत तर बघा कधी, दातात न फोडता अलगद धरून नेतो, पुढच्या पायांनी खड्डा करतो, अंडं आत ठेवतो आणि मग नाकाने माती ढकलून ढकलून वर दाबतो. बघायला फार सुंदर. पण तो खड्डा शेजाऱ्याच्या ट्यूलिपच्या कुंडीत असतो. त्याच्यामुळेच म्हणते, कमी घाला, जागच्या जागी संपेल इतकंच.

डबेवाली ताई, केअर होमसाठी: बागेच्या लांबच्या टोकाला, खिडकीतून दिसेल पण दारापासून दूर असेल अशी जागा ठरवा, तिथे स्टाफपैकी एकानेच जाऊन कुत्र्याचं कोरडं खाणं पसरायचं, हात धुवायचे, दारं बंद आहेत ना ते बघायचं. आजी-आजोबांना टाकायला नाही पण बघायला मिळेल. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. मॅनेजरला लेखी दिलंत तर बहुतेक हो म्हणतील, त्यांची काळजी दाराची आहे, कोल्ह्याची नाही.

पुण्याहून_वाचतेय
मी पुण्यात असते, मुलगा तिकडे आहे म्हणून हा धागा वाचला. माझा एकच प्रश्न, चावला तर? रेबीजचं काय? मला तर वाचूनच धडकी भरली.

कुंपणापलीकडे
काकू, काळजी साहजिक आहे. ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज १९२२ पासून नाही. वटवाघळांमध्ये त्याच्या जवळचा एक विषाणू सापडतो, तो वेगळा विषय. त्यामुळे इथल्या कोल्ह्यापासून रेबीजची भीती धरायची गरज नाही. तरीही कुठल्याही प्राण्याचा चावा म्हणजे साबण-पाण्याने खूप वेळ धुवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, धनुर्वात आणि जखम चिघळणं आहेच की. तसे कोल्हे चावायला येत नाहीत, कोपऱ्यात अडकवला किंवा पकडला तर चावतो.

पण हा नियम भारतात लावू नका हं. तिकडे रेबीज आहे, तिथे कुत्रा, कोल्हा, मुंगूस काहीही चावलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं आणि इंजेक्शनं पूर्ण करायची.

इथे जास्त लक्ष द्यायचं ते जंतांकडे. कोल्ह्याच्या विष्ठेतून गोलकृमीची अंडी मातीत जातात. लहान मुलांचं वाळूचं खेळणं झाकून ठेवा, बागकाम करताना हातमोजे, नंतर हात धुणं. घरात कुत्रा असेल तर फुप्फुसातल्या जंतावरचं औषध व्हेटला विचारून नियमित द्या, तो जंत गोगलगायींमधून कुत्र्याला होतो आणि कोल्हे त्याला फिरवत ठेवतात. कुत्र्याचं पाण्याचं भांडं रात्री बाहेर नको.

कोंबडीवाला
सगळ्यांचं कोल्हाप्रेम वाचलं. माझी अलॉटमेंटवर (भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा) कोंबड्यांची खुराडी आहे. एका सकाळी कामावर जायच्या आधी दाणे टाकायला गेलो तर आत एकही जिवंत नाही, नेलेली एकच, बाकीच्या तशाच पडलेल्या. त्या दिवशी कामावर मशीनवर उभा होतो पण लक्ष कशातच नव्हतं, सुपरवायझरनेच घरी पाठवलं. तुम्ही लोक त्याला खायला घालून धीट करता आणि भोगतो आम्ही. हे पण धाग्यात असावं म्हणून लिहिलं.

कुंपणापलीकडे
दादा, वाचून खरंच वाईट वाटलं. तुमचं म्हणणं धाग्यात असायलाच हवं. खाऊ घातलेला कोल्हा कोंबडीला हात लावणार नाही असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे, पोट भरलेलं असलं तरी समोर फडफडणारी कोंबडी दिसली की तो धरतोच. मोकळ्या रानात एक धरली की बाकीच्या उडून जातात. खुराड्यात त्यांना पळता येत नाही म्हणून सगळ्या जातात, आणि तो एकेक करून नेऊन पुरायच्या विचारात असतो, मध्येच माणूस येतो म्हणून बाकीच्या तिथेच राहतात.

तुमच्यासाठी एवढंच: कोंबड्यांची म्हणून मिळते ती पातळ षटकोनी जाळी कोल्हा दातांनी फाडतो, तिच्याऐवजी जाड वेल्डेड मेश लावा. खुराड्याभोवती जमिनीवर तीच जाळी हातभर रुंद आडवी पसरून पुरा, म्हणजे कडेला उकरायला लागला की जाळीच लागते. आणि अंधार पडताच आपोआप बंद होणारं दार मिळतं, ते घ्या. ससे, गिनीपिग असणाऱ्यांनाही हेच.

जवळपास कुणी पाळीव कोंबड्या किंवा ससे ठेवत असेल तर उलटी_घडी, तुम्ही खाणं घालूच नका असं मी सांगेन. आधी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना चौकशी करा.

कोंबडीवाला
जाळीचं लिहून घेतलं. धन्यवाद.

शाळेतली_ताई
मी प्रायमरी शाळेत असिस्टंट आहे. सोमवारी सकाळी मैदानावर गेलो तर फुटबॉलच्या गोलच्या जाळीत कोल्ह्याचं पिल्लू अडकलेलं, गळ्याभोवती आणि एका पायाभोवती पीळ बसलेला. शनिवार-रविवार जाळी तशीच लोंबत ठेवलेली असते. पोरं खिडक्यांना नाक लावून उभी, एक जण रडायलाच लागला, पहिला तास तर गेलाच. केअरटेकर कात्री घेऊन निघाला होता, हेड टीचरने थांबवलं आणि आरएसपीसीएला, म्हणजे इथल्या प्राणिरक्षण संस्थेला, फोन लावला. मला तेव्हा कळलं नाही की का थांबवलं, कापून सोडून दिलं असतं तर पटकन सुटला असता की.

कुंपणापलीकडे
हेड टीचरने अगदी योग्य केलं. दोरीचा पीळ बराच वेळ बसलेला असला की आतलं मांस मरायला लागतं, वरून काही दिसत नाही. सोडून दिला तर पळून जातो आणि काही दिवसांनी जखम फुटते, तेव्हा तो कुणाच्या हाताला लागत नाही. म्हणून त्याच्या अंगावर पांघरूण टाकून शांत ठेवायचं, पोरांना लांब ठेवायचं आणि बचाववाल्यांची वाट बघायची. त्यांच्याकडे दोन-चार दिवस नजरेखाली राहतो, मग सोडतात.

आणि शाळांनो, क्लबांनो, जाळ्या वापरून झाल्या की वर गुंडाळून बांधा. बागेतल्या वाटाण्याच्या, स्ट्रॉबेरीच्या जाळ्या पण. या एका गोष्टीने किती पिल्लं वाचतील.

वाफाळता_चहा
ताई एक विचारायचं होतं. आमच्या छपरावरच्या साहेबांची शेपटी आता बारीक दिसायला लागलीय, मागच्या बाजूला केस गेलेत आणि पापुद्र्यासारखं काहीतरी दिसतं. सारखा खाजवत असतो. ऑनलाईन थेंब मिळतात म्हणे, खाण्यात घालायचे. घालू का?

कुंपणापलीकडे
नका घालू. जे सांगताय ते खरजेसारखंच वाटतंय, ती बहुतेक वेळा शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या पायांवर सुरू होते, खपल्या धरतात, मग पुढे सरकते, डोळ्यांच्या कडा चिकटतात. पण औषध म्हणजे बाटलीतून अंदाजाने टाकायची वस्तू नाही. तुम्ही खाण्यात घातलेलं कोण खाईल ते तुमच्या हातात नाही: शेजारची मांजर खाईल, साळिंदरासारखा तो छोटा हेजहॉग खाईल, गाभण कोल्हीण खाईल. आयव्हरमेक्टिनसारखं औषध काही कोली जातीच्या कुत्र्यांना जिवावर बेतू शकतं, आणि ते व्हेटच्या सल्ल्याशिवाय वापरायचंच नाही. त्यापेक्षा त्याचे दोन-तीन स्पष्ट फोटो काढा, शेपूट आणि कुशी दिसेल असे, कुठल्या वेळेला येतो ते लिहून ठेवा आणि जवळच्या वन्यप्राणी केंद्राला पाठवा. दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये फॉक्स प्रोजेक्ट ही कोल्ह्यांसाठीची संस्था आहे, बाकी ठिकाणी आरएसपीसीए जवळच्या केंद्राचं नाव सांगते. लवकर धरली तर खरूज बरी होते, मी डोळ्यांनी बघितलंय, पार उघडा पडलेला कोल्हा पुन्हा झुबकेदार होतो.

तोवर तुमच्या बागेत बाकी कोल्हे जमतील असं खाणं टाकू नका. काकांचा मुद्दा इथेच लागू पडतो.

आणि उलट गोष्ट पण सांगून ठेवते, कारण दर वर्षी मे-जूनमध्ये आम्हाला ढिगाने फोन येतात. तेव्हा कोल्हे थंडीचा कोट टाकतात. पायांपासून सुरुवात होते, मग पुंजकेच्या पुंजके लोंबतात, कोल्हा एकदम हडकुळा आणि फाटका दिसतो. ती खरूज नव्हे. कातडी स्वच्छ असेल, खपल्या नसतील, सारखं खाजवत नसेल तर निवांत रहा, सप्टेंबरपर्यंत नवा कोट येतो.

विटा_आणि_सिमेंट
हे माहितीच नव्हतं. आमच्या साईटवरच्या लोकांना पण सांगतो. एक विचारू का, मी तिथे कच्चं चिकन टाकणारी माणसं बघितलीत, ते ठीक आहे का? जंगली प्राणी आहे, कच्चंच खातो ना.

कुंपणापलीकडे
खातो, पण आपण घालू नये. एक तर ते उंदरांना आणि माश्यांना आमंत्रण. दुसरं म्हणजे बर्ड फ्लू, एच५एन१. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये कोल्ह्यांमध्ये पण तो सापडलाय, आजारी किंवा मेलेले पक्षी खाल्ल्यामुळे असणार. म्हणून मेलेला पक्षी उचलून "कोल्हा खाईल" म्हणून बाजूला ठेवायचा नाही, हात पण लावायचा नाही, सरकारच्या डेफ्रा खात्याकडे कळवायची सोय आहे.

साईटवरचे डबे आणि बरण्या पण नीट टाका. तोंड अरुंद असलेल्या प्लास्टिकच्या बरणीत डोकं अडकतं आणि मग तो आंधळ्यासारखा रस्त्यावर धावतो. शहरातल्या कोल्ह्यांचं आयुष्य तसंही छोटं, बहुतेक दोन वर्षांच्या आत जातात आणि त्यातले कितीतरी गाड्यांखाली. त्यामुळे खाणं घालायची जागा निवडताना हा विचार करा की तिथे यायला त्याला मोठा रस्ता तर ओलांडावा लागत नाही ना.

डबेवाली
अपडेट द्यायला आले. मॅनेजरशी बोलले, लेखी पण दिलं, ताईंनी सांगितलं तसंच. होकार मिळाला. सोमवार आणि गुरुवार, मागच्या हेजजवळ, फक्त मी किंवा नाईटचा केअरर. काल पहिल्यांदा घातलं आणि एक आजोबा, जे जेवणाच्या टेबलावर कधी बोलत नाहीत, ते सगळ्यांना सांगत होते की आता बघा तो डावीकडून येणार. आणि डावीकडूनच आला!

कामावरचा घोळ पण सांगते, त्याच गडबडीत कस्टर्ड लागलं करपून, अख्खी डेचकी. ती घासायला दुसऱ्या दिवशीची दुपार गेली.

ब्रिस्टलकर
डबेवाली, छान वाटलं वाचून. अशा पद्धतीने असेल तर माझा विरोध नाही. बागेत बोनमील किंवा फिश-ब्लड-अँड-बोन खत घालत असतील तर माळ्याला सांगा, त्या वासाने कोल्हे वाफे उकरतात, मग नाव खाऊ घालणाऱ्यांवर येतं.

उलटी_घडी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. चौकशी केली, दोन्ही बाजूंना कोंबड्या-ससे कुणाकडे नाहीत. आजींना डबा नेऊन दिला, त्यांनी लगेच चष्मा लावून मागची अक्षरं वाचली. आता एक अडचण: मार्चअखेरीला महिनाभर भारतात जातेय. तेव्हा काय करू? एकदम बंद झालं तर त्यांची आबाळ होईल ना, पिल्लांचा काळ पण तोच ना?

कुंपणापलीकडे
हो, पिल्लं बहुतेक मार्चमध्येच होतात, सुरुवातीला गडद चॉकलेटी रंगाची आणि डोळे मिटलेली असतात, बिळाबाहेर दिसायला लागतात एप्रिलच्या शेवटाकडे. त्या दिवसांत कोल्हीण बिळातच असते आणि नर तिला खाणं आणून देतो, म्हणजे तुमच्याकडून तोंडात भरून नेताना दिसेल तो. एकदम बंद करू नका, फेब्रुवारीपासूनच कमी करत आणा, दोन दिवसांआड, मग चार दिवसांआड. ते बरोबर दुसरीकडे वळतात. आजींवर रोजचं काम टाकू नका, त्या प्रेमाने दुप्पट घालतील.

आणि परत आल्यावर बागेत एकटं पिल्लू दिसलं तर उचलून घरात घेऊ नका. आई पिल्लं एकेक करून हलवते, मध्ये एखादं मागे राहिलेलं दिसतं. लांबून लक्ष ठेवा. डोळे मिटलेलं असेल, जखमी असेल किंवा रस्त्यावर असेल तरच केंद्राला फोन.

उलटी_घडी
ठरलं मग. फेब्रुवारीपासून हात आखडता घेते. मी नसताना आजी फक्त उथळ थाळीत पाणी भरतील, रोज सकाळी थाळी घासून, हे त्यांनी स्वतःच कॅलेंडरवर लिहून घेतलंय. सिक्युरिटीवाल्यांना पण कोल्हिणीच्या आवाजाची रेकॉर्डिंग ऐकवली काल, दोघांनी फोनमध्ये घेऊन ठेवली. वाफाळता_चहा, केंद्राला फोटो पाठवलेत का? काय म्हणाले ते इथे टाका.

वाफाळता_चहा
पाठवले काल रात्री. सकाळी फोन आला, गुरुवारी माणूस येतोय बघायला. दुपारी मीटिंग होती, ती पुढे ढकलली.